शुक्रवारची सही

आमच्या ऑफिसात एक रिवाज होता आणि तो माझ्यामुळे होता, हे आधीच सांगून टाकते. दर शुक्रवारी दुपारी आमच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती गिऱ्हाइकांकडे जायची. त्याआधी भिंतीवर एक कागद लागायचा. त्या आठवड्यात काय काय बदललं ते आमचा प्रोग्रॅमर जितेश त्यावर लिहायचा आणि खाली लाल पेनानं माझी सही असायची. सही नाही तर आवृत्ती नाही. ॲन्सेल्म सर मालक, पण शुक्रवारी तेसुद्धा माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहायचे. "झालं का हो, आशाताई?" "होतंय," मी म्हणायची आणि मुद्दाम दोन मिनिटं जास्त लावायची.

वसई-विरारमधल्या लग्नाच्या हॉलांची बुकिंग इंटरनेटवर घेणं हा आमचा धंदा. वसईत पापडीला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, चार कॉम्प्युटर. हॉलच्या मॅनेजरनं ब्राउझरमध्ये कॅलेंडर उघडायचं, तारखेवर क्लिक करायचं, नाव आणि फोन टाकायचा, की ती तारीख लाल. हे कॅलेंडर जितेशनं जावास्क्रिप्ट नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलं होतं आणि त्याचा स्वभाव असा की मे महिना दुरुस्त केला तर डिसेंबर मोडायचा. काय मोडलं ते शोधायचं काम माझं. मी कॉम्प्युटर शिकलेली नाही, टायपिंगची परीक्षा पास झालेली बाई. पण माझ्याकडे एक जाड वही होती. तिच्यात दोनशे बारा तपासण्या होत्या, एकेक माझ्या हातानं लिहिलेली. गुरुवारचा अख्खा दिवस आणि शुक्रवारची सकाळ मी त्या एकामागून एक करायची. पाच वर्षांत माझ्या हातून काही निसटलं नाही. सर गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमच्या आशाताईंचा हात फिरलाय, चिंता करू नका." ते ऐकलं की मला दिवसभर भूक लागत नसे.

दोन हजार सातच्या जानेवारीत तेजस्वी तपासणीच्या कामाला तात्पुरती आली. निर्मळ गावची मुलगी, वडिलांची फुलांची बाग, नुकतीच इंजिनियर झालेली. स्कूटरवरून यायची, वेणीत मोगरा असायचा आणि आल्या आल्या सगळ्यांना गुड मॉर्निंग घालायची. पहिल्याच दिवशी तिनं माझी वही मागितली.

"ताई, सर म्हणाले, सगळं ह्याच्यात आहे. मी झेरॉक्स काढून लगेच परत देते."

"कशाला हवीय?"

"हे सगळं कॉम्प्युटरकडूनच करून घेता येईल का, बघायचंय. म्हणजे तुमचे दोन दिवस वाचतील."

माझे दोन दिवस वाचवायला हिला कोणी सांगितलं होतं? त्या दोन दिवसांवर तर मी ऑफिसात उभी होते. पण सर समोर होते. मी वही दिली आणि तोंड गोड ठेवलं.

घरी आमच्या ह्यांना, सदानंदना, सांगितलं तर त्यांना थट्टा सुचली. "चला, म्हणजे आता सकाळी डबा गरम मिळणार मला." मी त्या रात्री त्यांना कालची भाजी वाढली.

तेजस्वीचं काम कसं चालायचं ते मी तिरक्या डोळ्यानं बघत असे. खऱ्या बुकिंगना हात लागू नये म्हणून आधी तिनं सगळ्या माहितीची एक खोटी प्रत केली. मग जितेशच्या मागे लागून पानावरच्या प्रत्येक बटणाला कायमचं एक नाव द्यायला लावलं, कारण बटण जागेवरून हललं तरी मशीनला ते सापडलं पाहिजे. जितेश माझं कधी ऐकत नसे. हिच्यासाठी दोन दिवस न कुरकुरता बसला. मग तिनं ब्राउझरमध्ये एक छोटा प्रोग्रॅम बसवला, वहीतली पहिली तपासणी त्याला शिकवली आणि सगळ्यांना बोलावलं.

फजिती झाली! मशीन धावत सुटलं आणि कॅलेंडर उघडायच्या आतच तारखेवर क्लिक करायला गेलं. तारीख कुठे होती तिथे? पडद्यावर लाल ओळ आली. "अगं, माणूस असता तर थांबला असता ना," मी म्हटलं. माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, खोटं कशाला बोलू. चार दिवस ती लाल ओळ हटेना. त्या चार दिवसांत मी तिला स्वतः चहा करून दिला, इतकी मी खूश होते.

पाचव्या दिवशी तिनं मशीनला थांबायला शिकवलं. कॅलेंडर पूर्ण दिसल्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि मग ते चाललं. माऊसला कोणाचा हात नाही आणि पडद्यावर तारखा बदलताहेत, नावं उमटताहेत, बटणं दाबली जाताहेत, बाजूला एकेक ओळ हिरवी होत जातेय. फेब्रुवारी संपेपर्यंत तिनं माझ्या दोनशे बाराच्या दोनशे बारा तपासण्या शिकवून टाकल्या. मला दीड दिवस लागायचा. मशीनला अकरा मिनिटं लागली.

सरांनी खालच्या मजल्यावरच्या सीएच्या ऑफिसातली माणसंसुद्धा बघायला बोलावली. "बघा, बघा, हात न लावता!" असं म्हणत ते तेजस्वीच्या खुर्चीमागे उभे होते. पाच वर्षांत माझी तपासणी बघायला त्यांनी कोणाला बोलावलं नव्हतं. मी मागे उभी राहून माझ्याच वहीतल्या ओळी तिच्या पडद्यावर हिरव्या होताना बघत होते आणि मला रडू येत होतं. लोकांना वाटलं, ताईंना कौतुक वाटलं. कौतुक कसलं? मला तिच्या हुशारीचा हेवा वाटत होता. तिच्या वयाचा, तिच्या त्या गुड मॉर्निंगचाही. वही माझी आणि टाळ्या तिला!

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सरांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. सर सरळ माणूस. जे मनात ते बोलून मोकळे.

"आशाताई, तपासणीला दोन माणसं मला ठेवता येत नाहीत. एक महिना तेजस्वीच्या टेस्टवर आवृत्ती सोडू. काही निसटलं नाही, तर तिला कायम करतो आणि शुक्रवारची सही तिची. तुम्ही गिऱ्हाइकांचे फोन घ्या. पगार तोच."

"आणि निसटलं तर?" मी विचारलं.

"तर मशीनवर भरवसा नाही. मग सही तुमची आणि तेजस्वीला दुसरीकडे बघावं लागेल."

म्हणजे एक महिना. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

त्याच आठवड्यात जितेशनं बुकिंगच्या पानावर एक नवी सोय केली. नाव टाकायला सुरुवात केली की जुन्या गिऱ्हाइकांची नावं खाली आपोआप दिसायची. त्यातलं एक निवडलं की फोन नंबर आपला आपण भरला जायचा. आणि यादीत एकच नाव दोनदा दिसलं तर वाईट दिसतं, म्हणून सारखी नावं त्यानं एकत्र करून टाकली होती. जितेश डोंबिवलीहून नवीन राहायला आलेला, त्याला काय ठाऊक? खाडीकडच्या गावांत अर्ध्या गावाचं आडनाव पाटील. एका गावात दोन नथू पाटील, दोघांच्या बापाचं नाव गोविंद. गावात कोणाचा घोटाळा होत नाही, कारण एक बांधावरचा नथू आणि दुसरा मिठागरवाला नथू. पण फॉर्मवर कोण लिहितो बांधावरचा म्हणून? फॉर्मवर दोघंही नथू गोविंद पाटील.

मला हे ठाऊक होतं. माझ्या पहिल्याच वर्षी अशीच दोन माणसं एकमेकांत मिसळता मिसळता राहिली होती आणि मीच ते पकडलं होतं. तेव्हापासून दर गुरुवारी सगळ्यात शेवटी मी एकाच नावाची दोन माणसं दोन फोन टाकून बघत असे. ते हाताच्या इतकं सवयीचं झालं होतं की वहीत लिहायचं राहूनच गेलं.

शुक्रवारी सकाळी तेजस्वी माझ्या टेबलापाशी आली. "ताई, वहीतलं सगळं झालंय. पण वहीत नसलेलं, तुम्ही असंच करून बघता असं काही आहे का?"

"नाही गं."

"नीट आठवून बघा ना. ही नवी यादी आलीय नावांची, तिच्याबद्दल काही?"

"दोनशे बारा म्हणजे दोनशे बारा."

ती गेली आणि दारातून परत आली. "नक्की ना ताई? तुमच्याइतकं ह्यातलं मला नाही कळत."

असं म्हणाली. आणि तरीही मी तिच्या तोंडावर तिसऱ्यांदा सांगितलं, "नाही." जीभ जराही अडखळली नाही. अकरा मिनिटांत सगळ्या ओळी हिरव्या झाल्या आणि आवृत्ती गेली. त्या दिवशी कागदावर माझी सही नव्हती. घरी जाताना मी मनात म्हणत होते की कदाचित काहीच होणार नाही. आणि काही व्हावं, असंही मला वाटत होतं. दोन्ही खरं होतं.

त्या वर्षी ज्येष्ठात अधिक महिना आला होता. त्यामुळे सगळी लग्नं मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरकायची घाई आणि हॉलची मारामार. एप्रिलच्या मध्याला, मंगळवारी सकाळी, ऑफिसच्या दारात एक म्हातारे गृहस्थ आले. धोतर, पांढरी टोपी आणि हातात लग्नपत्रिकांची पिशवी. बांधावरचे नथू पाटील. पाठोपाठ हॉलचा मॅनेजर प्लासिड, घामाघूम.

झालं होतं ते सरळ होतं. दोन आठवड्यांपूर्वी मिठागरवाल्या नथूनं साखरपुड्यासाठी घेतलेली तारीख फोन करून रद्द केली. प्लासिडनं नाव टाकलं, यादीत एकच नथू गोविंद पाटील दिसला, त्यानं रद्द करायचं बटण दाबलं. त्या नावाखालच्या दोन्ही तारखा गेल्या. दुसरी तारीख अकरा मे, बांधावरच्या नथूच्या मुलीच्या लग्नाची. तासाभरात ती तारीख विरारच्या कोणा पार्टीनं घेतली होती आणि त्यांच्याही पत्रिका छापून झाल्या होत्या.

"साहेब, पयली पत्रिका एकवीरेला ठेवून आलो," नथू पाटील सरांना म्हणाले. "सगल्या गावात वाटल्या. त्यावर तुमच्या हॉलचा नाव हाय. माजे हंसाचा लगीन मी आता कुठं लावू, सांगा?"

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. पिशवीतली एक पत्रिका काढून त्यांनी टेबलावर ठेवली आणि छापलेल्या हॉलच्या नावावर बोट ठेवून उभे राहिले. सरांनी त्यांच्यासमोर अकरा हॉलना फोन लावले. अकरा मेला एकही रिकामा नव्हता.

मग सर तेजस्वीवर बरसले, सगळ्यांसमोर. "दोनशे बारा टेस्ट, हिरव्या ओळी, आणि एका म्हाताऱ्याचा हॉल वाचवता आला नाही तुला?" ती मान खाली घालून उभी होती. फक्त एवढंच म्हणाली, "चूक झाली, सर. हे मला सुचायला हवं होतं." माझं नाव तिनं घेतलं नाही. घेणार तरी कसं, मी काही लपवलंय हे तिला ठाऊकच नव्हतं. संध्याकाळी सरांनी मला सांगितलं की महिनाअखेरीस तेजस्वी जाईल आणि शुक्रवारपासून सही पुन्हा माझी. मी जिंकले. नथू पाटलांचं ते बोट सोडलं तर मला सगळं गोड लागत होतं.

रविवारी ही तेजस्वी स्कूटर घेऊन खाडीकडे गेली. कोणी सांगितलं नव्हतं. बांधावरच्या नथूच्या पाया पडली, मग मिठागरवाल्या नथूकडे गेली आणि त्याच्या घरामागची मोकळी जागा मांडवाला मागून आली. तोही लगेच हो म्हणाला, पाणी आणि वीजही देतो म्हणाला. सोमवारी प्लासिडनं हे ऑफिसात सांगितलं. आणि मला काय वाटलं असेल? हे मला का सुचलं नाही, हेही हिलाच सुचावं, असं वाटून माझा तिळपापड झाला. माणूस उतरणीला लागला की कुठवर जातो, बघा.

सर म्हणाले, "आशाताई, वहीबाहेरचं तुमच्या डोक्यात जे काही असेल ते सगळं लिहून काढा. जाण्याआधी तेजस्वी ते मशीनला शिकवेल."

मी त्या दुपारी जेवले नाही. लिहीत सुटले. दाखवून देणार होते ना सगळ्यांना, की ह्या बाईच्या डोक्यात काय काय आहे! एकतीस तारखेला बुकिंग केलं की पुढचा महिना नीट उघडतो का. हॉलच्या नावात दोन शब्द असले तर काय होतं. एकच तारीख दोघांनी एका वेळी दाबली तर कोणाला मिळते. लिहिता लिहिता अडतीस तपासण्या झाल्या. प्रत्येकीपुढे मी ती कधीपासून करते तेही लिहिलं, कारण पाच वर्षांची मेहनत दिसायला हवी होती. अक्षरही नीट काढलं. कागद तेजस्वीच्या टेबलावर ठेवला आणि मिरवत जागेवर येऊन बसले.

ती वाचत होती. पहिल्याच ओळीवर थांबली. मी काय लिहिलं होतं, ते मला तेव्हा आठवलं. "एकाच नावाची दोन माणसं, फोन वेगळे. दोन हजार दोनपासून दर गुरुवारी."

तिनं मान वर केली. "ताई, दर गुरुवारी?"

माझ्या तोंडून "हो" निघून गेलं.

"त्या गुरुवारीपण केली होती?"

"त्या गुरुवारी नाही केली."

मला वाटलं, आता उठेल, कागद घेऊन केबिनमध्ये जाईल. मी तर उत्तरंही तयार केली होती, विसरले, वय झालं, लक्षात राहत नाही. ती "बरं" म्हणाली, कागद बाजूला ठेवला आणि पहिली तपासणी मशीनला शिकवायला लागली. नथू गोविंद पाटील, एक फोन. नथू गोविंद पाटील, दुसरा फोन. ओळ लाल झाली, व्हायलाच हवी होती. मग तिनं जितेशला बोलावलं आणि दोघांनी ती दुरुस्त केली.

दुसऱ्या दिवशीही ती सरांकडे गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी वाट बघत होते. तिनं चुगली केली असती तर मला तिचा राग करता आला असता, चार वाईट शब्द बोलता आले असते. ती रोजच्यासारखीच गुड मॉर्निंग म्हणायची, मलाही. अडतीसच्या अडतीस तपासण्या तिनं शिकवल्या. मी तिच्या त्या गप्प बसण्याचासुद्धा हेवा केला. तिच्या जागी मी असते तर पहिल्या मिनिटाला केबिन गाठली असती.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी तिनं ड्रॉवर रिकामा करायला घेतला. मला बसवेना. मी उठले आणि सरांच्या केबिनमध्ये जाऊन दार लावून घेतलं.

"सर, नथू पाटलांचं ते मला आधीच ठाऊक होतं. तिनं मला तीनदा विचारलं होतं. मी तीनदा नाही म्हटलं."

सरांनी चष्मा काढला. "का पण, आशाताई?"

"हेवा वाटत होता मला तिचा."

बाई चाळीशी ओलांडून असं बोलते तेव्हा ऐकणाऱ्यालाच लाज वाटते. सर उठून बाहेर गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तेजस्वी, चूक तुझी नव्हती. मी ओरडलो ते मागे घेतो. तू जाऊ नकोस. कायम करतो तुला, सही तुझी. ताई फोन घेतील."

मी तिच्याकडे बघितलं नाही. मनातल्या मनात फोनच्या टेबलावर जाऊनसुद्धा बसले होते.

"थांबले असते, सर," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "पण वहीबाहेरचं सगळं ताईंनाच विचारावं लागणार. त्या सांगतील, खरंही सांगतील. आणि मला दर वेळी वाटणार, खरं आहे की नाही. असं तपासणीचं काम नाही करता येत."

तिनं पिशवी खांद्याला लावली, जितेशला बाय केलं, मलाही "येते हं, ताई" म्हणाली आणि जिना उतरून गेली. खाली स्कूटर सुरू झाली.

सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "शुक्रवारची सही तुम्हीच करा. दुसरं आहे कोण?" मला जे हवं होतं ते मला मिळालं आणि सगळ्यांच्या देखत मिळालं.